कुत्र्याचे कोरडे खाद्य : निवड आणि साठवण
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत, कुत्रा हा फार पूर्वीपासून मेंढवाड्याचा राखणदार आणि शिकारीचा सोबती राहिला आहे. सडसडीत बांध्याचा, लांब जबड्याचा कारवानी कुत्रा (अंगावर रेशमी केस असल्यास त्यालाच पश्मी म्हणतात) याच पठारी मुलखातला. त्याचा आहार ठरलेला असे : ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक किंवा दूध, आणि घरी कधी मटण शिजले तर त्यातली हाडे. हा आहार पोषणदृष्ट्या परिपूर्ण होता असे म्हणता येणार नाही. ज्वारीत कॅल्शियम कमी आणि काही आवश्यक अमिनो आम्लांची उणीव असतेच. परंतु त्यात एक गुण होता. धान्याला टोके पडले, कुबट वास आला किंवा बुरशी धरली, तर ते निवडणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांना व हातांना तत्काळ कळे.

शहरांत, आणि आता मोठ्या खेड्यांतही, भाकरीची जागा पिशवीबंद कोरड्या खाद्याने घेतली आहे. (व्यवहारात ते बहुधा एका उत्पादकाच्याच नावाने ओळखले जाते, मग पिशवी कोणाचीही असो.) या बदलाने धान्य पारखण्याचे काम घरातून उठून कारखान्यात गेले. पिशवीतल्या गोळ्यांत गेलेला मका कसा होता, हे ग्राहकाला पाहून कळत नाही. म्हणून कोरड्या खाद्याच्या निवडीचा विचार करताना प्रथम प्रश्न विचारावयाचा तो ‘यात काय आहे’ हा नव्हे, तर ‘यातले धान्य कोठे व कसे होते, आणि पिशवी फोडल्यावर ते कसे राहणार’ हा होय.

कोरड्या खाद्याची घडण समजली म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते. दळलेले धान्य, मांसाची किंवा कोंबडीची वाळवलेली भुकटी, तेलबियांची पेंड, जीवनसत्त्वे व क्षार यांच्या मिश्रणाला वाफ व पाणी देऊन ते शंभर अंश सेल्सियसहून अधिक तापमानात दाबाखाली साच्यातून काढतात. दाब एकदम उतरल्याने कण फुगतो. नंतर तो सुमारे दहा टक्के जलांश उरेपर्यंत वाळवितात आणि वरून चरबी फवारतात. या पद्धतीने तयार केलेले कुत्र्याचे खाद्य अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आले. उष्णतेने धान्यातील पिष्ट शिजते व कुत्र्याला पचते. कुत्रा पिष्ट पचवू शकतो याला आनुवंशिक आधारही आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, स्वादुपिंडातील पिष्टपाचक विकर निर्माण करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. तेव्हा ‘धान्यविरहित’ अशी जाहिरात करून चढ्या भावाने विकले जाणारे खाद्य निरोगी कुत्र्याला अधिक हितकर ठरते, असे मानण्यास आधार नाही. उलट, वाटाणा व मसूर यांसारखी द्विदल धान्ये मुबलक असलेल्या अशा खाद्यांचा आणि हृदयस्नायूच्या एका विकाराचा काही संबंध असावा काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही. दोष धान्यात नाही. तो असलाच तर धान्य सांभाळण्यात असतो.

धान्य ओलसर राहिले की त्यावर ज्या बुरशी वाढतात त्यांपैकी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही सर्वांत घातक. तिच्या नावातील आद्याक्षरे घेऊनच तिच्या विषाला ॲफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये १९६० मध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले, तेव्हापासून या विषाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. कुत्र्यांचा संबंध याच्याही आधीचा आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागात १९५२ च्या सुमारास कुत्र्यांत यकृतदाहाची एक साथ वर्णिली गेली. कारण उमगले नाही म्हणून तिला ‘हिपॅटायटिस एक्स’ म्हणत. पुढे १९६६ मध्ये कुत्र्यांना शुद्ध ॲफ्लाटॉक्सिन देऊन केलेल्या प्रयोगांत यकृताची तशीच विकृती दिसून आली व कोडे उलगडले.

भारतातील उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ च्या शरदात राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत दोनशेहून अधिक खेड्यांत कावीळ व जलोदर यांची साथ पसरली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. मक्याच्या काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, कणसे भिजली होती, आणि आदिवासी कुटुंबांना तोच मका खाण्यावाचून गत्यंतर नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मक्यात ॲफ्लाटॉक्सिनचे प्रचंड प्रमाण दाखवून दिले. या घटनेचा जो भाग क्वचितच सांगितला जातो तो असा की, त्याच घरांतील कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती. माणूस व कुत्रा एकाच पिठावर जगत होते.

यातील मर्म विषाच्या उग्रतेइतकेच आहाराच्या एकसुरीपणात आहे. दहा प्रकारचे अन्न खाणाऱ्याच्या पोटात एखादा दूषित पदार्थ गेला तरी त्याचे प्रमाण इतर नऊंमुळे विरळ होते. बांसवाड्याच्या गरिबाला ही सवलत नव्हती. पिशवीतले खाद्य खाणाऱ्या कुत्र्यालाही ती नसते, मग त्याचा मालक कितीही सधन असो. दोन्ही वेळा, महिनोन्‌महिने, तेच खाद्य त्याच्यापुढे येते. आणि या विषाला बळी पडणाऱ्या प्राण्यांत कुत्रा बराच वरच्या क्रमांकावर आहे. भरीला, हे विष उष्णतेने पुरते नष्ट होत नाही. कारखान्यातील तापमानात बुरशी मरते, तिचे विष बव्हंशी उरते. त्यामुळे गोळी स्वच्छ, खमंग आणि तरीही विषारी असू शकते. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाद्यात अब्जांशी वीस भाग ही ॲफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे. असे असूनही तेथे डिसेंबर २००५ मध्ये एका उत्पादकाच्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री मेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका उत्पादकाच्या बाबतीत जवळजवळ तसेच घडले. दोन्ही वेळी मुख्य संशय मक्यावर होता. बुरशी धान्याच्या राशीत सर्वत्र सारखी पसरत नाही. ती खिशाखिशांनी असते. एका मुठीचा नमुना निर्दोष निघाला म्हणजे सारी गाडी निर्दोष, असे होत नाही. चांगला उत्पादक ओळखावयाचा तो धान्याच्या प्रत्येक आवकीची तपासणी करतो काय, आणि विचारणा झाल्यास तिचे निष्कर्ष देतो काय, यावरून. पिशवीवरील चित्रावरून नव्हे.

कायद्याचे संरक्षण येथे तोकडे पडते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ यातील ‘अन्न’ या संज्ञेतून पशुखाद्य वगळलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने कुत्रा व मांजर यांच्या खाद्याचे मानक (आयएस ११९६८) सिद्ध केले आहे खरे, तथापि बाजारातील प्रत्येक पिशवीवर त्याचे चिन्ह आढळत नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे वेष्टनावर असावे लागते. गोणी फोडून किलोवर विकल्या जाणाऱ्या सुट्या खाद्याला यांपैकी काहीच नसते. ते स्वस्त पडते, पण गोणी केव्हा फोडली हे दुकानदारालाही पुष्कळदा सांगता येत नाही. असे खाद्य घेऊच नये.

वेष्टनावरील आकड्यांकडे वळले असता ‘स्थूल प्रथिने’ हा आकडा सर्वांत ठळक दिसतो, आणि फसवाही तोच. केल्डाल याने १८८३ मध्ये बसविलेल्या पद्धतीनुसार पदार्थातील नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. प्रथिन प्रत्यक्ष मोजले जात नाही. मेलॅमिन या रसायनात सुमारे ६६ टक्के नत्र असते. म्हणजे या हिशेबाने त्यात चारशे टक्क्यांहून अधिक ‘प्रथिने’ भरतात! २००७ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या चिकट प्रथिनात हीच भेसळ निघाली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन पुष्कळ कुत्री-मांजरे दगावली. चामडे, पिसे यांतही नत्र असते, पचनीयता मात्र अल्प. म्हणून टक्केवारीच्या जोडीला घटकांची यादी वाचणे अगत्याचे ठरते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा असे एकाच धान्याचे तुकडे पाडून मांस पहिल्या क्रमांकावर आणण्याची युक्ती सर्रास चालते.

दोन खाद्यांची तुलना जलांश वगळूनच करावी. दहा टक्के जलांशाच्या कोरड्या खाद्यात २४ टक्के प्रथिने असतील, तर शुष्कांशावर ती २६.७ टक्के भरतात. डब्यातील ओल्या खाद्यात आठच टक्के दिसतात, पण जलांश ७८ टक्के असल्यास शुष्कांशावर ती ३६ टक्के होतात. अमेरिकेतील प्रचलित पोषणमानांनुसार शुष्कांशावर प्रौढ कुत्र्याला किमान १८ टक्के व वाढत्या पिलाला २२.५ टक्के प्रथिने लागतात. पुरेसे प्रथिन देणारे खाद्य बाजारात दुर्मीळ नाही. अधिक काळजी पिलांच्या कॅल्शियमची घ्यावी लागते, आणि तीही अतिरेकाची. मोठ्या जातीच्या पिलाला ‘संपूर्ण व संतुलित’ खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजण्याची चाल फार रूढ आहे. तिने हाडे बळकट न होता सांध्यांची वाढ बिघडते.

आता साठवणीचा विचार. सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे अभ्यासकांना परिचित आहेत. जमिनीखालच्या त्या खोल खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण कोरडा माल एकदा बंद केला की हवा व ओल त्याला शिवत नसे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरून त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. मोहोरबंद पिशवी हे एका अर्थी लहानसे पेवच. दहा टक्के जलांशाच्या खाद्यावर बुरशी वाढत नाही; पिशवी उघडल्यावर मात्र ते हवेतील दमट शोषू लागते. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. तीच पिशवी जुलै महिन्यात दहिवडीत जितके दिवस टिकेल तितके पाटणला टिकणार नाही. उलट, पूर्व भागात ओलीचे भय कमी असले तरी उन्हाळ्याचे आहे : उष्णतेने फवारलेली चरबी खवट होते व जीवनसत्त्वे क्षीण होतात. सत्तावीस अंशांच्या आत खाद्य ठेवावे असे सांगतात. चैत्र-वैशाखात सांगलीत हे कठीणच, तरी घरातील सर्वांत थंड कोपरा शोधता येतो.

पिशवीचा आकार कुत्र्याच्या खुराकावरून ठरवावा. वीस किलो वजनाच्या, बेताची हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे १०६० किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅम खाद्यातून ३२० किलोकॅलरी मिळत असतील, तर रोजचे खाद्य ३३० ग्रॅम होते. म्हणजे दहा किलोची पिशवी महिन्यात संपते, वीस किलोची दोन महिने उघडी राहते. मोठ्या गोणीत किलोमागे वाचणारे पैसे पावसाळ्यात खरे वाचत नाहीत; आषाढ-श्रावणात तीन किलोची, नऊ दिवसांत संपणारी पिशवीच शहाणपणाची. खाद्य मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यात सुटे ओतू नये, कारण तळाशी राहिलेला जुना चुरा व खवट चरबी नव्या खाद्याला लागते. २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी भिजलेले खाद्य वाळवून वापरण्याचा मोह होतो. वाळविल्याने पाणी जाते, विष जात नाही.

घरातून वरून पडणाऱ्या घासांविषयी एवढेच, की तासगावच्या मुलखात बेदाणा हाताशी असतो आणि तो कुत्र्याला कौतुकाने दिला जातो. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ शकतात; त्यांतील टार्टारिक आम्ल याला कारण असावे असे २०२१ पासून मानले जाऊ लागले आहे. कांद्यानेही रक्तपेशी फुटतात. खाद्य निर्दोष असून कुत्रा आजारी पडल्यास ही चौकशी आधी करावी.

ॲफ्लाटॉक्सिनच्या बाधेत प्रथम भूक जाते. कुत्रे त्याच पिशवीतले खाद्य एकाएकी नाकारू लागले तर तो हट्ट समजून उपाशी ठेवण्याची रीत धोक्याची आहे. मग सुस्ती, ओकारी, पिवळे पडलेले डोळे व हिरड्या, गडद लघवी, काळे शौच आणि पोटात पाणी अशी लक्षणे येतात. या विषावर उतारा नाही; खाद्य तत्काळ बंद करणे व यकृताला आधार देणारे उपचार करणे, एवढेच हाती असते, आणि ते लवकर झाले तरच उपयोगी पडतात. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा जवळचा पशुवैद्य गाठताना उरलेल्या खाद्याचा नमुना आणि पिशवीही बरोबर न्यावी. पिशवीच्या शिवणीजवळ छापलेल्या तुकडी-क्रमांकावरून त्याच दिवशी भरलेल्या इतर पिशव्यांचा माग काढता येतो, आणि नेमका तो भाग पिशवी फोडताना बहुधा कापून फेकला जातो.