सुटकेच्या वाटा (लेखांक ६) : न प्यायलेल्या दिवसाचं बक्षीस

दारू शरीरातून उतरवण्याचं काम आठवडाभरात होतं, हे गेल्या लेखात पाहिलं. हातांची थरथर थांबते, झोप लागू लागते, माणूस घरी येतो. खरी कसोटी त्यानंतर लागते.

डिलाईल रोडपासून केईएम रुग्णालय जवळच आहे. तरीही इथले पेशंट पुढच्या तारखांना जात नाहीत, कारण अडचण अंतराची नाही. ओपीडीत गेलं की खाडा पडतो, रोज बुडतो. सिक्युरिटीत बारा तासांची ड्युटी करणारा सुट्टी मागताना कारण काय सांगणार? आणि मानसोपचार विभागाच्या बाकड्यावर चाळीतलं कुणी भेटलं, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला कळतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणी अहवालानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळालेला होता. म्हणून फोनवरचा उपचार ही फक्त दुर्गम खेड्यांची गरज आहे, हे मला मान्य नाही. लोअर परळच्या टॉवरांना खेटून असलेल्या चाळींनाही तो हवा आहे.

पण नुसता फोन पुरत नाही. ‘कसं चाललंय?’ ‘बरं चाललंय.’ संवाद तिथेच संपतो. इथे बक्षिसाची पद्धत उपयोगी पडते. दारूचा मोबदला घोटाबरोबर मिळतो. न पिण्याचा मोबदला, म्हणजे सुधारलेलं लिव्हर, मुलीचा पुन्हा बसलेला विश्वास, यायला कित्येक महिने जातात. मधल्या काळात तलफ जिंकते. म्हणून न प्यायलेल्या दिवसाचीही पावती ताबडतोब द्यायची, आणि तीही तपासणी करूनच.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. दारूच्या आहारी गेलेले ४२ माजी सैनिक त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याबरोबर, श्वासात दारू आढळली नाही की भांड्यातून चिठ्ठी उचलायची संधी. बहुतेक बक्षिसं किरकोळ, मोठी अगदी मोजकी. आठ आठवड्यांनंतर चिठ्ठीवाल्या गटातले ८४ टक्के लोक उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातले २२ टक्के. या काळात दारूला अजिबात न शिवलेले पहिल्या गटात ६९ टक्के निघाले, दुसऱ्यात ३९.

आता हेच काम दुरून करता येतं. फोनला जोडलेल्या छोट्या यंत्रात ठरलेल्या वेळी फुंकायचं. कॅमेरा चेहरा टिपतो, म्हणजे दुसऱ्याने फुंकून भागत नाही. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबातून ‘पेथ’ नावाची तपासणी होते, ती मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दाखवते. सलग दिवस वाढतील तशी बक्षिसाची रक्कम चढते. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा पिणं झालं, तर ती पहिल्या पायरीवर येते, पण दार बंद होत नाही, कुणी ओरडत नाही. उद्यापासून पुन्हा मोजायचं. बक्षीस थांबल्यावर परिणाम ओसरू शकतो, म्हणून समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधं सोबत हवीतच.

‘न पिण्याचे पैसे कशाला द्यायचे? मी इतकी वर्षं घर ओढलं, मला कुणी दिले?’ हा प्रश्न पत्नीच विचारेल, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. माझं उत्तर असं, की बक्षीस तिच्याच घरात येऊ द्या. रोख नको, वाण्याकडचं महिन्याचं सामान, मुलांची फी. ज्या गिरणगावाने मटक्यापायी पगार जाताना पाहिले, तिथे चिठ्ठीपेक्षा ठरलेलं बक्षीसच बरं. आणि समुपदेशकाने फोनची वेळ पेशंटला विचारूनच ठरवावी, कारण बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत खाजगी बोलायला कोपराच नाही.

कौतुकाची ताकद आपल्याकडे अनोळखी नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. त्या एका हाकेतही सन्मान आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तर मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून चार बैठकांपर्यंतचा उपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात आलं होतं, इतरांत २६ टक्क्यांचं. ही माणसं दारूच्या पूर्ण आहारी गेलेली नव्हती, हे लक्षात ठेवावं. पण बोलणारा माणूस वस्तीतूनच तयार होऊ शकतो, एवढं त्यातून नक्की दिसतं. ही समुपदेशनाची रीत आणि तपासणीवर मिळणारं बक्षीस यांची जोड महापालिकेच्या दवाखान्यांनी घालून पाहावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

तोवर हाताशी आहे ते वापरा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा.