भाडं शेवटी विचारा

सहामाही परीक्षा संपतात, हवेत गारवा येतो आणि मोहल्ल्यात सहलीचा विषय निघतो. कुणाला मुरूड-जंजिरा बघायचा असतो, कुणाला खुलताबाद. ठिकाण ठरलं की पहिला फोन गाडीवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, भाडं किती घेणार?"

मोहल्ल्यातल्या सहलींची जबाबदारी सांभाळताना आमचं मत असं झालं आहे, की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. शेजारीण आपली म्हातारी आई आपल्या भरवशावर गाडीत बसवते. आईबाप लेकरं सोपवतात. ही अमानत आहे. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसने महाबळेश्वरच्या सहलीला निघाले होते. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली आणि अनेक जण गेले. एका गाडीत किती घरं बसलेली असतात, हे त्या दिवशी साऱ्या कोकणाने पाहिलं.

आधी माणसं मोजा

गाडी ठरवण्याआधी नावांची यादी करा. नावापुढे वय लिहा आणि गुडघेदुखी, साखर, गाडी लागणं अशी अडचण असेल तर तीही लिहा. मिनीबस 13, 17, 20, 26 अशा आसनांच्या मिळतात. "पोरं काय, मांडीवर बसतील," असं म्हणून 17 आसनांत 23 जण कोंबू नका. चालत्या गाडीत अचानक ब्रेक लागला, तर मांडीवरचं मूल आधी फेकलं जातं. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे आणि जादा माणसं उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाहीत. त्यांना रस्त्यात उतरवून कुठे पाठवणार? आरसी बुकात आसनक्षमता चालकासह लिहिलेली असते, हेही ध्यानात ठेवा.

चाळीसच्या वर माणसं असतील तर एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करावी. लग्नकार्याला आणि सहलीला महामंडळाची अख्खी बस मिळते.

मग कागद बघा

भाड्याच्या पेट्रोल-डिझेल गाडीची नंबरप्लेट पिवळी असते, अक्षरं काळी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्तात मिळते, पण अशी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढून भरपाई नाकारू शकते. वाचवलेले हजार-दोन हजार त्या दिवशी कामाला येत नाहीत.

गाडीचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपमध्ये टाका. नोंदणी, विमा, फिटनेस, पीयूसी यांच्या तारखा समोर येतात. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. परवानाही मागून बघा. आपण सगळी गाडी ठरवली म्हणजे चालकाने वाटेत दुसरे प्रवासी घ्यायचे नाहीत, हेही सांगून ठेवा.

आदल्या दिवशी गाडी डोळ्यांनी बघून या. टायर गुळगुळीत झालेले नाहीत ना? आपत्कालीन दरवाजा उघडतो, की त्याच्यासमोर जादा सीट टाकली आहे? काच फोडायची हातोडी आणि आग विझवायचं नळकांडं जागेवर आहे का? 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. दरवाजाची बाजूच खाली गेली आणि 25 प्रवासी आतच राहिले. निघताना गाडीतल्या सर्वांना बाहेर पडायची दुसरी वाट दाखवून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

चालक काल रात्री कुठे होता?

हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. लग्नसराईत रात्री वरात पोचवून आलेला चालक पहाटे आपल्या दारात उभा राहतो. मालकाच्या दृष्टीने गाडी रिकामी असते, पण चालकाचे डोळे मिटत असतात. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा आहे. त्यात साधारण आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली आहे. म्हणून वेळापत्रक चालकाला विचारून करावं. जेवताना त्याला आपल्या दस्तरखानावर बोलवावं आणि दुपारी तासभर पाठ टेकू द्यावी. परतीला उशीर झाला म्हणून "जरा दामटव" असं कुणीही म्हणू नये.

घरच्या बायकांना विचारून वेळापत्रक

नगरहून खुलताबाद समजा. फजरनंतर सहाला निघालं, तर दौलताबादचा किल्ला उन्हाआधी चढता येतो. बुजुर्गांनी खाली चांदमिनारजवळ थांबावं. जोहर आणि जेवण खुलताबादला. तिथे औरंगजेबाची साधी, उघड्या आकाशाखालची कबर आहे, मलिक अंबरची कबर आहे आणि सूफी बुजुर्गांचे दर्गेही. परतताना औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, बीबी का मकबरा. वेरूळ जोडायचं असेल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

कागदावर हे सोपं दिसतं. पण दर दोन तासांनी स्वच्छतागृह असलेला थांबा हवा, हे पुरुषांच्या बैठकीत सहसा कुणाला सुचत नाही. मग बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. म्हणून थांबे त्यांना विचारूनच ठरवा. वुजूसाठी पाण्याचे दोन कॅन आणि उंच पायरीसाठी एक छोटं स्टूल बरोबर असू द्या. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. हनफी आणि शाफई दोन्ही मंडळी असतील, तर प्रवासातल्या नमाजेचे मसले निघण्याआधी इमामसाहेबांना विचारून घ्या.

आता भाडं

दर किलोमीटरमागे असतो, पण दिवसाला किमान किलोमीटर धरतात. मोजणी गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून होते की आपल्या दारातून, हे आधी विचारा. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता, रात्र झाली तर जादा पैसे, एसी चालू राहणार की घाटात बंद, गाडी बिघडली तर दुसरी कोण देणार, हे सगळं बोलून घ्या.

समजा 300 किलोमीटर, दर 30 रुपये. म्हणजे 9,000. भत्ता 500, टोल-पार्किंग 700. एकूण 10,200. सतरा जणांत प्रत्येकी 600. आयत्या वेळी तिघं गळाले तर उरलेल्यांवर 729 रुपये पडतात आणि कुरबुर सुरू होते. म्हणून पैसे आठवडाभर आधी घ्यावेत आणि गळणाऱ्याने आपल्या जागी माणूस द्यावा, असा नियम ठेवावा. ज्या घराला 600 रुपये जड आहेत, त्यांचा हिस्सा दोघा-चौघांनी गुपचूप उचलावा. यादीत त्याची खूण नको.

ठरलेलं सगळं कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि ॲडव्हान्सची पावती घ्या. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहून घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्याने दोन्ही बाजूंचा मान राहतो.

शेवटी एकाला अमीर नेमा. तीन माणसंही प्रवासाला निघाली तर एकाला अमीर करावं, ही शिकवण आपल्याला आहेच. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजणं, औषधांची पिशवी सांभाळणं आणि "आता निघायचं" हे सांगणं त्याचं काम. बाकीच्यांनी ऐकायचं. सगळी माणसं संध्याकाळी आपापल्या उंबऱ्यावर सुखरूप उतरली, की अमानत पोचली. मग पुढच्या सहलीला कुठे जायचं, हे पोरंच ठरवतील, इन्शाअल्लाह.