स्वयंपाकघरातील गार झोत : कोणती फट बुजवावी, कोणती राखावी

डिसेंबर लागला की उत्तरेकडील कोरडे वारे छत्तीसगडच्या मैदानात उतरतात आणि भिलाई-दुर्ग परिसरात रात्रीचे तापमान अनेकदा १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत खाली येते. येथील जुनी घरे मात्र उन्हाळ्याच्या ४४ अंशांचा विचार करून बांधलेली आहेत. उंच छत, भिंतीत झरोके, दाराखाली मोकळी फट. वैशाखात सुखावणारा वारा पौषातल्या पहाटे ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या पावलांना झोंबतो. गॅसची ज्योत भांड्याखालून कलते, विरजण लागत नाही, इडलीचे पीठ फुगत नाही.

गरम हवा हलकी असल्याने वर चढते व झरोक्यातून निघून जाते. तिची जागा भरण्यासाठी गार हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. फटीचा आकार डोळ्याला फसवतो. ९० सेंमी रुंद दाराखालची १ सेंमी फट म्हणजे ९० चौरस सेंमीचे भोक. प्रमाण आकाराच्या विटेचे टोक ९ × ९ सेंमी, म्हणजे ८१ चौरस सेंमी असते. भिंतीतून एक आडवी वीट काढून ठेवली, तर कोणीही दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावील. दाराखालची त्याहून मोठी वाट मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते.

झोत शोधण्यास साधी उदबत्ती पुरते. प्रथम सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून गॅसचा वास येत नाही याची खात्री करावी. चूल असल्यास तीही विझलेली असावी. मग दारे-खिडक्या लावून एक्झॉस्ट पंखा सुरू करावा. पंखा आतील हवा बाहेर फेकतो आणि प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येऊ लागते. उदबत्ती चौकटीच्या कडेने, सिंकखालच्या नळीभोवती, वायरींच्या भोकांपाशी सावकाश फिरवावी. धूर जेथे एकदम वाकेल, तेथे खडूने खूण करावी. पंखा नसेल तर वारा वाहत असलेली संध्याकाळ निवडावी. खापरीच्या घरात भिंत व छप्पर जेथे मिळतात तो सांधा विसरू नये. बंद पंख्याची जागा हीही एक मोठी वाट असते. त्याची झडप नीट मिटते का, ते पाहावे.

भिंतीतील भेग सिमेंट-वाळूच्या गिलाव्याने किंवा मातीच्या घरात भुसा मिसळून मळलेल्या चिखलाने दोन थरांत भरावी, कारण पहिला थर वाळताना तडकतोच. भेगेत नुसता पैरा कोंबण्याची सवय सोडावी. वाळवी, उंदीर आणि चुलीजवळ आग, तिन्हींना ते आमंत्रण आहे. लाकडी दाराला सिमेंट चालत नाही. थंडीत आकसलेले लाकूड आषाढात फुगते आणि दार अडकते. तेथे फोमची चिकट पट्टी लावावी. दाराखाली वाळू किंवा धानाचा कोंडा भरलेली कापडी गुंडाळी ठेवावी.

परंतु सर्वच फटी बुजवणे घातक आहे, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी घरोघरी सांगावे ते मुख्यतः हेच. छत्तीसगडच्या खेड्यांत हिवाळ्यात मातीच्या गोरसीत निखारे घेऊन शेकण्याची रीत आहे. बंद खोलीत अशा निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. म्हणून वरचा झरोका कधीही बुजवू नये आणि गोरसी घेऊन दार लावून झोपू नये. गॅस असलेल्या घरात जमिनीलगतचीही एक जाळी मोकळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खालीच साचतो. ही जाळी पायांसमोर न ठेवता ओट्यापासून दूरच्या भिंतीत ठेवली, की झोतही अंगावर येत नाही. कुक्कुटपालकांना हे वेगळे समजवावे लागत नाही. पिलांना ऊब मिळावी म्हणून शेडचे पडदे पूर्ण पाडले, तर सकाळी अमोनियाने डोळे चुरचुरतात, हे त्यांनी पाहिलेले असते.

काम झाल्यावर एकदा नेहमीचा स्वयंपाक करून पाहावा. खिडकीच्या काचेवर पाणी धरू लागले, डोळे झोंबले, किंवा बर्नर स्वच्छ असूनही निळी ज्योत पिवळी पडली, तर लगेच दार-खिडकी उघडावी आणि बुजवलेल्यांपैकी एक वाट त्याच दिवशी पुन्हा मोकळी करावी.