शॅमेलिऑनचे हरितगृह: जाणून घेण्याजोगे

देशी: नाशिक जिल्ह्यातील झुडपी रानांत आढळणारा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजेच घोयरा सरडा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रक्षित असल्यामुळे त्यास पकडणे वा घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो, जखमी सरडा दिसल्यास वनखात्याकडे १९२६ या क्रमांकावर वर्दी द्यावी.

परदेशी: मूळ येमेन व सौदी अरेबियातील, मस्तकावर उंच तुरा असलेली 'व्हेल्ड' ही जाती 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट असून, ती बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळामार्फत रीतसर नोंदणी करणे बंधनकारक आहे.

पिंजरा: प्रौढास २ × २ × ४ फूट, उंची अधिक, बाजूंस जाळी. एका पिंजऱ्यात एकच प्राणी.

वनस्पती: जास्वंद, मनीप्लांट, फायकस, कीटकनाशकाचा स्पर्श नसलेल्या. पुढच्या पायाची बोटे आत तीन व बाहेर दोन, मागच्या पायाची याच्या उलट अशी जुळलेली असल्यामुळे पकडीस निरनिराळ्या जाडीच्या फांद्या हव्यात.

पाणी: वाटीतील स्थिर पाण्याकडे हा प्राणी बहुधा लक्ष देत नाही, पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. म्हणून ठिबक व फवारा.

ऊब: दिव्याखालील फांदीवर सुमारे ३० अंश सेल्सिअस, शिवाय अतिनील-ब किरणांचा दिवा. नाशिकचा पारा चाळिशीकडे झुकतो त्या वैशाखात मात्र दाट सावली.