मदरबोर्ड बदलण्याआधी परवाना तपासा

दुकानाच्या गल्ल्याशेजारी पूर्वी वही असे, आता संगणक असतो. मालेगाव-भिवंडीचा कापड व्यापारी असो, मिरजेचा तंतुवाद्य कारागीर असो की एखादा छापखानावाला, जीएसटीची बिले, उधारीचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते हे सारे त्यातच साठलेले असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला नव्या धर्तीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. त्यामुळे जुन्या कॅबिनेटमध्येच नवा मदरबोर्ड बसवून काम भागवणारे व्यापारी पुष्कळ आहेत. यात पैसे वाचतात, हे खरे. परंतु संगणक दुकानात आणून सुरू केला की पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही अक्षरे दिसतात आणि मालक चक्रावतो. परवाना तर विकत घेतला होता, मग तो गेला कुठे?

असे का होते?

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून परवान्याची ही तपासणी चालू आहे. विंडोज संगणकातील भागांवरून त्याची ओळख ठरवते व त्या ओळखीशी परवाना जोडते. रॅम वाढवली तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र तिच्या लेखी तो दुसराच संगणक होतो. आपल्या गुमास्ता लायसनसारखाच हा प्रकार समजा. दुकानातले फर्निचर बदलले तर कोणी विचारत नाही. जागा बदलली की नोंद बदलावी लागते.

परवाना कोणत्या जातीचा?

परवाने मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक ‘ओईएम’, म्हणजे तयार संगणकासोबत आलेला. तो त्याच यंत्राशी बांधलेला असतो. बोर्ड बिघडला म्हणून दुरुस्तीत बदलला, तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. पण केवळ अधिक चांगला बोर्ड हवा म्हणून बदलला, तर नियमाप्रमाणे नवा परवाना लागतो. दुसरा ‘रिटेल’, म्हणजे वेगळा विकत घेतलेला. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच यंत्रावर. म्हणून संगणक घेताना परवाना कोणता, हे बिलावर लिहून घ्यावे. नव्या बोर्डाचा भाव ठरवताना हा खर्चही हिशेबात धरावा.

मेकॅनिककडे नेण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडणे. ही सोय २०१६ पासून आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग ॲक्टिव्हेशन येथे पाहावे. खाते मालकाच्या नावाचे असावे, मेकॅनिकच्या नव्हे.

दुसरे काम याहून मोलाचे. अनेक नव्या संगणकांत डिस्कवरील माहितीला बिटलॉकरचे कुलूप असते. बोर्ड बदलला की ते ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टही ती देऊ शकत नाही. परवाना पुन्हा विकत घेता येईल, वर्षांचा हिशेब विकत मिळणार नाही. सबब ती किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी आणि हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

तिसरे, टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्राशी बांधलेला असतो. तो आधी ‘सरेंडर’ करावा.

बदलल्यानंतर

पूर्वीचीच आवृत्ती टाकावी. होमचा परवाना प्रोवर चालत नाही. नंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत जाऊन ॲक्टिव्हेशनच्या पानावरील ‘ट्रबलशूट’ दाबावे, ‘अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडावा, खात्याचा पासवर्ड द्यावा आणि यादीतून आपला संगणक निवडावा. रिटेल परवान्याची २५ अक्षरांची की जवळ असेल तर तीही टाकून पाहावी. तरीही जमले नाही तर बिल हाताशी ठेवून मायक्रोसॉफ्टच्या मदत विभागाकडे जावे. तोवर घाबरण्याचे कारण नाही. कोपऱ्यातली अक्षरे दिसत राहतात, वॉलपेपर बदलता येत नाही, पण फायली उघडतात आणि बिलेही निघतात.

याच घाईच्या क्षणी कोणीतरी म्हणतो, “शेठ, क्रॅक टाकून देतो, दोन मिनिटांचं काम.” आमचे सांगणे एवढेच की हे दोन मिनिटांचे काम महागात पडते. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच दाराने बँकेचे पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत शिरतात. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. हे कलम वापरणाऱ्याला लागू होते, तेव्हा “मेकॅनिकने टाकले” या सबबीवर विसंबू नये.

व्यापारी बंधूंनो, माल भरण्यापूर्वी आपण गोदाम पाहतो, कुलूप पाहतो. बोर्ड बदलण्यापूर्वी एक संध्याकाळ परवान्याचा प्रकार, खात्याचा पासवर्ड, ४८ अंकी किल्ली आणि हिशेबाची प्रत एवढे चार जिन्नस पाहून घ्या. मग संगणक मेकॅनिककडे खुशाल न्या.