औषध मारणीचे विमान आणि रणांगणावरची नादेझ्दा

पिकावर औषध मारायचे विमान घेऊन कोणी लढाईला गेले असेल, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पण हे घडले आहे, आणि ते चालवणाऱ्या होत्या विशी-बाविशीतल्या मुली!

त्यांतलीच एक नादेझ्दा पोपोवा. जन्म १९२१ चा. वडील रेल्वेत कामाला. ती वाढली युक्रेनच्या कोळसा खाणींच्या मुलखात. लहानपणी विमान पाहिले आणि पोरीने ध्यास घेतला. सोळाव्या वर्षी ती एकटीने विमान उडवू लागली.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत देशावर हल्ला केला. तिचा भाऊ लिओनिद लढाईत कामी आला. नादेझ्दा सैन्यात भरती व्हायला गेली, तर बायकांना घेत नाही म्हणून तिला परत पाठवले. पुढे मारिना रास्कोवा या नामांकित वैमानिक बाईंच्या खटपटीने त्याच वर्षी स्त्रियांची तीन हवाई पथके उभी राहिली. त्यांतल्या रात्री बाँबफेक करणाऱ्या पथकात नादेझ्दा गेली. तिथे अधिकाऱ्यांपासून इंजिन दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत सगळ्या स्त्रियाच.

विमान कसले, तर लाकडी सांगाडा आणि वर ताणून बसवलेले कापड. नवशिक्यांना उडायला शिकवायचे आणि शेतावर औषध मारायचे. वेग ताशी जेमतेम १२० किलोमीटर. वर छप्पर नाही. हिवाळ्यात हातपाय बधिर होत. बाँबचे वजन पेलावे म्हणून बराच काळ हवाई छत्रीही सोबत नसे. गोळी लागली की कापड भडकलेच म्हणा.

मग निभाव कसा लागला? युक्तीने. अंधारात लक्ष्याजवळ येताच इंजिनाचा आवाज अगदी मंद करायचा, घारीसारखे तरंगत खाली यायचे, बाँब टाकायचे आणि पुन्हा इंजिन वाढवून निसटायचे. वाऱ्याची सळसळ तेवढी ऐकू येई. म्हणून जर्मन शिपाई त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणत. शत्रूची वेगवान विमाने इतकी सावकाश उडू शकत नसत. नेम धरेपर्यंत ती पुढे निघून जात.

एका रात्रीत अनेक खेपा व्हायच्या. नादेझ्दाने युद्धात एकूण ८५२ खेपा केल्या. १९४२ मध्ये तिचे विमान पडले. पायी माघारी निघालेल्या लोकांत तिला सेम्योन खार्लामोव हा जखमी वैमानिक भेटला. १९४४ च्या फेब्रुवारीत दोघांना एकाच दिवशी देशाचा सर्वोच्च वीरसन्मान मिळाला, आणि पुढे दोघांनी संसार थाटला. पथकातल्या कितीतरी मैत्रिणी मात्र परतल्या नाहीत. युद्धानंतर नादेझ्दाने अनेक वर्षे नव्या वैमानिकांना शिकवले. २०१३ मध्ये तिचे निधन झाले.

बंधु-भगिनींनो, भारी अवजार हाती येईल तेव्हाच काम करू, असे त्या मुली म्हणत बसल्या नाहीत. उद्या तुमची लेक ट्रॅक्टरवर बसू द्या म्हणाली, तर ‘हे पोरीचे काम नव्हे’ म्हणण्याआधी नादेझ्दाला एकदा आठवा.