लुप्त होणाऱ्या सुरांचा ‘नकाशा’: तान दुन यांची वाद्यवृंदरचना

चिनी संगीतकार तान दुन यांच्या ‘द मॅप’ या रचनेत मंचावरील चेलो आणि वाद्यवृंदाबरोबर पडद्यावरील लोककलावंतही सहभागी होतात. बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ती २००३ मध्ये प्रथम सादर केली. चेलोवादक होते यो-यो मा.

रचनेचे मूळ हुनान प्रांतात आहे. तान दुन यांनी तेथे १९८१ मध्ये दगड वाजवणाऱ्या एका वृद्धाचे वादन ऐकले होते. १९९९ मध्ये ते त्याच्या शोधात परतले, तेव्हा तो हयात नव्हता. त्याची कलाही त्याच्याबरोबर लोपली होती. त्यानंतर त्यांनी तुजिया, म्याओ आणि दोंग समाजांचे संगीत चित्रित केले.

म्याओंचे ‘फेइगे’ हे डोंगरांमधून परस्परांना साद-प्रतिसाद देत गायचे गीत. मैफलीत पडद्यावरील गायिकेच्या सादेला चेलो प्रतिसाद देतो. तिची लय बदलता येत नसल्याने वाद्यवृंदालाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

२००३ मध्येच ही रचना हुनानमधील फेंगह्वांग येथेही सादर झाली. चित्रफितीने सूर जपले. मात्र परंपरा टिकण्यासाठी ते गळ्यातून गळ्यात उतरावे लागतात.